काळ्या मोटारीची वाहवा परत केली, त्याची बखर

श्रीगणराय प्रसन्न असोत. त्यांच्या उंदरास आजवर कोणी मेण लाविले नाही, तरी स्वारी कोठे अडली नाही, हे ध्यानी घेऊन वाचावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते हुजुरांनी पुसिले, म्हणून आठवले तैसे लिहिले आहे. पदरचे फार घातले नाही. थोडे घातले, तो बखरकाराचा हक्क.

कोणे एके राज्यात मोटारी चकचकीत राखणाऱ्या सरदारांची जमात नांदत होती. पोटासाठी कोणी कचेरीत, कोणी पेढीवर, परंतु जीव मोटारीत. हे सरदार दर आदितवारी सकाळी आपापली मोटार घेऊन नदीकाठच्या मैदानी जमत, आणि एकमेकांच्या मोटारींस प्रदक्षिणा घालीत, आणि गुडघे टेकून दारांखाली डोकावीत. धुण्यास बादल्या दोन, एक साबणाची आणि दुसरी फडके खळबळण्याची. ज्याचे घरी एकच बादली त्याशी रोटीव्यवहार चाले, मोटारीचे बोलणे चालत नसे. मऊ फडके एकदा भुईवर पडले की ते पतित. त्याने मग स्वयंपाकघराचा ओटा पुसावा. आणि परक्याने मोटारीस हात लावणे हा तर महाअपराध. एका सरदाराच्या जावयाने कौतुकाने बोट फिरविले होते, तो अद्याप दिवाळसणास बोलाविलेला नाही.

जमातीचा मुख्य रिवाज ऐसा, की कोणी वाहवा केली तर ती अंगी लागू द्यावयाची नाही. "काय चमकतेय हो गाडी!" ऐसे कोणी म्हटले, की धन्याने कपाळास आठी घालून म्हणावे, "कसली चमकतेय! या इकडे, उन्हात बघा, बारीक ओरखड्यांचं नुसतं कोळ्याचं जाळं दिसतंय," आणि त्यास दंडास धरून, कमरेत वाकवून, जो ओरखडा त्यास सात जन्मी दिसला नसता तो दाखवावा, आणि दिसेपर्यंत सोडू नये. मग त्यानेही म्हणावे, "हे काहीच नाही, माझ्या डिकीवर कबुतरांनी काय केलंय ते बघा." ऐसे उभयपक्षी समाधान होई. जो नुसते "थँक्यू" म्हणे तो गर्विष्ठ ठरे. लोकांस हा विनय वाटे. आम्हांस विचाराल तर हा गर्वच, उलटा नेसलेला. की बाबा रे, माझ्या मोटारीचे दोष ओळखण्याचीही तुझी लायकी नाही. असो. आम्हांकडे सायकल आहे.

या जमातीत राजश्री सदानंदराव धुमाळ अग्रगण्य. त्यांची मोटार काळी, जुनी, आणि मुळात तीर्थरूपांची. तीर्थरूप तात्यासाहेब सरकारी मोटारखान्यात सारथी होते, आणि अंमलदारांस घाट चढविता उतरविता केस पांढरे जाहले, आणि पेन्शनीत निघाले तेव्हा स्वतःची म्हणून ही एक मोटार घेतली. मनुष्य सचोटीचा, परंतु तोंडाचा महाकंजूष. पुत्र परीक्षेत पहिला आला तेव्हा "हं" म्हणाले. सून घरी आली तेव्हा "ठीक" म्हणाले. नात जाहली तेव्हा फारच उचंबळून "बरं झालं" म्हणाले. पुढे काचबिंदूने दृष्टी गेली. मग किल्ल्या पुत्राचे हाती दिल्या आणि बोलिले, "नीट ठेव." त्या दोन शब्दांवर सदानंदरावांनी सगळे आदितवार वाहिले. लोक म्हणत, यास मोटारीचे वेड. वेड होतेच, परंतु आतली गोष्ट ही, की एकदा तात्यांचे मुखातून "छान" निघावे. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. सौभाग्यवती कुमुदिनीबाईंस न सांगता ठाऊक होते.

मार्गशीर्षातील एका आदितवारी तात्या आपण होऊन म्हणाले, "मलाही ने." मग त्यांस पुढील बैठकीवर बसवून मैदानी आणिले, आणि ते काठी टेकीत उतरले, आणि काठी काखेत धरून उघडा पंजा मोटारीच्या बॉनेटवर ठेविते जाहले. सरदारमंडळात हाहाकार जाहला. जमातीत वडील ते भार्गवराव सोमण, ते ओरडले, "अहो आजोबा, हात!" सदानंदरावांनी त्यांस खूण करून थांबविले. तात्यांनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तैसा हात बॉनेटवरून, टपाच्या कडेवरून, दारांवरून सावकाश फिरविला आणि मान हलवून बोलिले, "छान ठेवलीस रे सदा."

आणि जो शब्द ऐकावयासी जन्म घालविला तो कानी पडताच सदानंदराव काय वदले? "कसली छान, तात्या! डाव्या दाराला रेघा आहेत, मागच्या काचेला डाग राहिलाय, बॉनेट तर अजून धडपणे झालंच नाहीये!" जीभ रिवाजात मुरलेली, धन्यास न विचारता धावली. तात्यांनी हात मागे घेतला. "अस्सं? मला आपलं गुळगुळीत लागलं. डोळे नाहीत ना. चुकलं असेल." इतके बोलून ते चाचपडत मोटारीत जाऊन बसले. भार्गवराव म्हणाले, "वा! याला म्हणतात विनय." सदानंदरावांचा चेहरा मात्र उतरला तो उतरलाच.

त्या दिवसापासून तात्यांनी मेथी निवडणे सोडिले. पूर्वी रोज परात मांडीशी घेऊन निवडीत, आणि एक जून पान हातून सुटत नसे. आता म्हणत, "राहू दे सूनबाई, माझ्या हाताला काय कळतंय." दाढीही स्वतः करीनात. मग कुमुदिनीबाई संतापल्या आणि यजमानांस बोलिल्या, "अहो, त्यांना डोळे नव्हते, पण हात होते. तेही काढून घेतलेत तुम्ही! जा आणि गाडी छान आहे म्हणून सांगा."

"पण डाव्या दाराला रेघा खरंच आहेत गं."

"असतील! कोणी माझ्या हातचं जेवण छान म्हणालं, तर मी काय तळातली करपलेली पोळी काढून दाखवते?"

मग सदानंदराव तात्यांचे खोलीत गेले, आणि घसा खाकरला, आणि पंख्याकडे पाहिले, आणि पुन्हा घसा खाकरला, आणि जे वाक्य त्या जमातीत कोणी उच्चारिले नव्हते ते उच्चारिते जाहले. "तात्या, गाडी छान आहे. मी छान ठेवलीय."

"मग त्या दिवशी?"

"सवयीनं बोललो."

तात्या म्हणाले, "गाढव आहेस. चल, खाली ने मला." चिक्की खात होते, तोच चिकट हात त्यांनी मोटारीस लाविला आणि डाव्या दाराशी येऊन थांबले. "इथे आहेत का तुझ्या रेघा?"

"हो. पण हाताला लागायच्या नाहीत, फार बारीक आहेत."

"मग बघतोस कशाला?" ऐसे म्हणून परतता परतता बॉनेटवर थाप मारिली आणि पुन्हा बोलिले, "छान ठेवलीस." या खेपेस सदानंदरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे मिटणे त्यांस साधले नाही.

पुढील आदितवारी मैदानी भार्गवरावांनी वाकून पाहिले आणि दचकले. "अहो धुमाळ, बॉनेटवर अख्खा पंजा उमटलाय! थांबा, फडकं देतो."

"असू द्या," सदानंदराव म्हणाले.

भार्गवराव चकित जाहले, परंतु रिवाजास धरून बोलिले, "बाकी गाडी मात्र छान ठेवलीत हं."

"हो, छानच आहे. आमचे तात्या म्हणाले तसं."

रिवाज मोडिला म्हणून सदानंदरावांस जमातीबाहेर घालावे ऐसे काहींचे मत पडले, परंतु त्यांच्यावाचून पॉलिश उसने कोणाकडून आणावे हा पेच येऊन ते मत बारगळले.

येणेप्रमाणे वर्तमान. काळ्या मोटारीच्या डाव्या दाराच्या रेघा अद्याप तैशाच आहेत, उन्हात दिसतात म्हणे. तात्या पुन्हा मेथी निवडू लागले. वयोमानाने हाताची जरब कमी जाहली, एखादे जून पान भाजीत येते. ते सदानंदराव नीट चावून खातात आणि भाजी छान झाल्याचे सांगतात.