फिरत्या ग्रंथालयाच्या चार चाकांची मोहीम

हकीकत जशी कानी आली तशी लिहिली आहे. शौर्य पदरचे घातलेले नाही.

चढवळणमर्दन राजेश्री चालककाका आणि अखंडवाचनलक्ष्मी ग्रंथपालबाई, हे उभयता फिरत्या ग्रंथालयाची गाडी घेऊन अकरा वर्षे नऊ वस्त्यांवर अंमल चालवीत होते. तो वरिष्ठ कचेरीतून साहेबांचा खलिता आला, की गाडी शंभर किलोमीटरांस बारा लिटर डिझेल पिते आणि चढावर काळा धूर सोडते. तरी महिन्याभरात साडेअकराच्या आत न आल्यास ती कायमची आगारात उभी करावी. खलिता वाचता वाचता बाईंचा चहा थंड जाहला. टेकडीवरच्या शेवटच्या वस्तीस दुसरे ग्रंथालय नव्हते, आणि तेथील निवृत्त शिक्षिका सात खंडी इतिहासाच्या चौथ्या खंडात होत्या.

मग मसलत बसली. मेकॅनिक उस्तादांनी इंजिनाची झडती घेतली, ते निर्दोष ठरून सुटले. मग बाईंनी पुढल्या खणात हात घातला, तो गाडीचेच माहितीपुस्तक वेष्टनासकट निघाले. नऊ वस्त्यांस ग्रंथ वाटिले, परंतु हा एक ग्रंथ अकरा वर्षांत कोणी उघडिला नव्हता. त्यात मजकूर होता, की चाकांत हवा कमी असता इंजिनावर जोर पडतो, इंधन अधिक जळते आणि धूर वाढतो. सबब पुढे चाळीस, मागे पन्नास हवा राखावी, आणि चाके थंड असता मोजावी. मोजिली, तो मागे चौतीस भरली. बाईंनी चौकशी मांडिली.

"हवा मीच काढतो," काका म्हणाले. "खड्ड्यात पुस्तकं पडतात म्हणून तुम्हीच कुरकुरत होता."

"काका, मी गाडी हळू चालवा म्हटलं होतं."

"हळू चालवली की टेकडीवर पोचायला अंधार होतो. त्या शिक्षिकाबाईंना उतरताना पायऱ्या दिसत नाहीत."

यावर बाईंनी पायपंप मागविला. कारण हवा भरण्याचे ठिकाण दूर, आणि तेथे पोचेतो चाके तापून खोटी साक्ष देत. मग दर सोमवारी सकाळी गाडी हलण्यापूर्वी युद्ध होई. काका पंप दाबीत, बाई काटा वाचीत. अठ्ठेचाळिसावर काकांचा गुडघा फितूर जाहला, मग बाईंनी चप्पल काढून स्वतः पाय दिला आणि पन्नास सर केले. आपल्याकडे हवेचे यंत्र आहे, हे उस्तादांनी चौथ्या सोमवारी सांगितले.

"मग आधी का नाही बोललात?" बाईंनी विचारिले.

"तुम्ही इंजिनाचंच विचारलं होतं."

हवा भरिली तशी गाडी कडक जाहली आणि पहिल्याच खड्ड्यात कथाविभाग कोसळला. मग बाईंनी प्रत्येक फळीस आडवी इलॅस्टिकची पट्टी बांधून तटबंदी केली.

महिनाअखेर हिशेब जाहला, तो अकरा लिटर आणि वर तीनशे मिलिलिटर. गाडी धुरावाचून टेकडी चढली. साहेबांनी "गाडी चालू ठेवावी" असा शेरा मारिला आणि धुराचा विषय काढिला नाही.

येणेप्रमाणे चारही चाकांवर फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान: दोन कादंबऱ्यांचे पुठ्ठे, एक शब्दकोश, काकांचा डावा गुडघा. लिहिण्यात चूक असेल ती लिहिणाराची. हवा बरोबर आहे.