हुळमट गद्रेकाका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गद्रेकाका कधी आनंदात नसायचे की दुःखात नसायचे. ते हुळमट असायचे.

"वहिनी, आज फार हुळमट वाटतंय."

"म्हणजे, पोट बिघडलंय का?"

"छे हो! लाइट गेली म्हणून चिडून बाल्कनीत यावं आणि समोरच्या टॉवरचीही गेलीय हे दिसावं. तेव्हा जे बरं वाटतं ना, ते!"

गुडगावात तेव्हा टॉवर रोज नवे उगवत होते आणि लाइट रोज जात होती, त्यामुळे काका कायम हुळमट. जन्मभर दिल्लीत सरकारी फायलींवर शेरे मारले आणि रिटायर झाल्यावर हे भावनांसाठी नवे शब्द काढण्याच्या मागे लागले. "अच्छा, येतो" म्हणून निरोप घ्यावा आणि दोघांनी एकाच लिफ्टमध्ये शिरावं, याला ते 'खिजळणं' म्हणत. सोसायटीच्या सेक्रेटरींना, मल्होत्रांना, त्यांनी हे लिफ्टमध्येच हिंदीत समजावलं. मल्होत्रा म्हणाले, "बिल्कुल, गद्रेजी, बिल्कुल," आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जाऊ लागले.

बरं, शब्दांवर थांबतील तर शपथ! रोज सकाळी माझी डब्यांची घाई चाललेली असताना हे डाळ-तांदळाचा कुकर घेऊन दारात हजर. "शिट्ट्या तुमच्याकडे होऊ द्या." मग कुकर माझ्या गॅसवर, काका माझ्या स्टुलावर आणि तोंडाचा पट्टा सुरू. एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, तुमच्या घरी गॅस नाही का?"

"आहे की. पण सई झोपलीय."

सई त्यांची एकुलती एक लेक. काकू गेल्यापासून घरात दोघंच. ती नव्या कॉल सेंटरमध्ये लागली होती, रात्रभर अमेरिकेशी बोलायची. पहाटे यायची तेव्हा काका झोपेत, आणि ती उठून आवरते न आवरते तोच खाली कॅबचा हॉर्न. काकांनी दारावरची बेल काढून ठेवली होती, दूधवाल्याशी खाणाखुणा चालायच्या. एवढा बडबड्या माणूस, आणि स्वतःच्या घरात दिवसभर चवड्यांवर चालायचा. माझा राग कुठल्या कुठे गेला. बिचाऱ्याने बोलायचं तरी कुणाशी?

एका संध्याकाळी सई गेटपाशी कॅबची वाट बघत उभी दिसली.

"मावशी, एक विचारू? मी पहाटे येते ना, तेव्हा बाबा झोपलेले असतात. मी बसते जरा त्यांच्या पलंगापाशी. उठवावंसं खूप वाटतं यार, पण उठवत नाही. मराठीत याला काय म्हणतात? बाबांनाच विचारणार होते, पण टाइमच मॅच होत नाही."

मला कसला येतोय शब्द! कॅब गेली, तशी मी वर आले आणि काकांचं दार वाजवून सगळं सांगितलं. म्हटलं, "काका, लेक शब्द मागतेय. काढा एखादा छानसा."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला.

"शब्दबिब्द काही नको," ते म्हणाले. "तिला म्हणावं, उठव."