आबांचा आवळा

आबांनी खायला दिलेला आवळा मी ठेचून जखमेवर बांधला.

निजामाचं राज्य होतं, मी बीडजवळच्या पाली गावात शाळामास्तर होतो. एकटा जीव, दोन्ही वेळा भाकरी आणि तिखट. जळण फोडताना कुऱ्हाड निसटून डाव्या पायाला लागली. महिना झाला तरी जखम भरेना, म्हणून शेजारच्या आळीतल्या सटवाआबांना पाय दाखवला. आबांनी पायाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "दात दावा."

कुणीही जखम घेऊन आलं, की आबा बैल पारखावा तसे त्याच्या हिरड्या बघत. माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. "जखम तुमच्याच तोंडानं जेवती, मास्तर," म्हणत त्यांनी आवळा दिला. पुढचा माझा पराक्रम वर सांगितलाच. दिवसभर मी एका पायावर नाचत होतो.

आबांनी पट्टी सोडली. "कावून बांधला? जखमेला दात हायेत का आवळा चावायला?"

मग हुकूमच सुटला: रोज त्यांच्या ओसरीवर, त्यांच्यासमोर जेवायचं. शेवग्याचा पाला, कच्ची मेथी, लिंबू, आवळा. आबा स्वतः रांधून माझ्यासोबत जेवत, गिळल्याशिवाय मला उठू देत नसत. बीडच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बदलायला गेलो, तर डॉक्टरसाहेबांनीही हेच खायला सांगितलं. त्यात व्हिटामिन असतं म्हणाले. मी ते ऐटीत आबांना ऐकवलं.

"नाव काय बी ठिवा, पर चावून खा."

जखम भरली. गुलाबी कातडीवर बोट फिरवून आबा म्हणाले, "झालं. आता यायचं काम न्हाई." मी खूश होऊन गेलो तो तिकडे फिरकलोच नाही.

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या दारावरून जाताना थबकलो. चूल थंड. आबा शिळी भाकर पाण्यात बुडवून खात होते. कोपऱ्यात आवळ्यांची पाटी सुकत पडलेली.

"आबा, भाजी?"

"कारभारीण गेल्यापासून एकल्यासाठी कोण चूल पेटवतंय?" ते हसले. हिरड्या लाल दिसल्या.

दुसऱ्या दिवशी मी पायाला पट्टी गुंडाळली आणि लंगडत त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. "परत लई चिघळलंय, आबा."

आबा पट्टीकडे बघत राहिले. दात दाखवायलाही सांगितलं नाही. चूल फुंकली, मेथी निवडली, दोन ताटं वाढली. आवळा फोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः चावून चावून खाल्ला.

मग म्हणाले, "जखम डाव्या पायाला व्हती, मास्तर. पोरांना डावं-उजवं तुमीच शिकवता न्हवं?"