बॅटरीला वारा

भर मे महिन्याच्या दुपारी, चालत्या गाडीत बसून मी हातपंख्याने वारा घालत होतो. स्वतःला नव्हे, बॅटरीला. मी कॉमर्सचा प्राध्यापक आहे आणि वर्गात पोरांना अक्कल शिकवतो, हे आत्ताच सांगून टाकतो. काय हसायचं ते एकदाच हसून घ्या.

पंखा हातात दिला होता वाघमारेकाकांनी. जानेवारीत आम्ही तारनाक्याला राहायला आलो, तेव्हापासून ते आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे नांदेडकडचे, पण सगळा जन्म हैदराबादेत गेला. तीस-पस्तीस वर्षं रेल्वेत डिझेल इंजिन चालवलं आणि निवृत्त झाल्यावर हायब्रिड गाडी घेतली. ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. बॅटरीवर चालायला लागली की समोर एक हिरवा दिवा लागतो आणि इंजिन गप्प होतं. काकांचा सगळा जीव त्या दिव्यात.

रेल्वेत म्हणे अशी पद्धत असते, की सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि सोबत्याने हात वर करून तोच रंग परत म्हणायचा. काकांनी ही पद्धत गाडीत आणली. दिवा लागला की ते ओरडत, "हिरवा!" मागच्या सीटवरून मी हात वर करून ओरडे, "हिरवा!" पुढे बसलेल्या काकू मात्र नुसताच हात वर करत. मानेभोवती पदर घट्ट गुंडाळलेला, तोंड खिडकीकडे. चार महिन्यांत त्यांचा एक शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. बाई नवऱ्यावर रुसली आहे, असं निदान मी पहिल्याच आठवड्यात करून टाकलं होतं. मला विचार करायला फारसा वेळ लागत नाही.

दर शनिवारी दुपारी काका काकूंना गौलीगुड्याला त्यांच्या बहिणीकडे नेत आणि मी पुढे अफझलगंजच्या लायब्ररीपर्यंत फुकट जात असे. भाडं म्हणून मी गप्पा मारायचो. म्हणजे मीच बोलायचो. महागाई, राजकारण, आमच्या प्रिन्सिपॉलांचा मूर्खपणा. गाडी कशी भरल्यासारखी वाटायची.

जानेवारीत सगळं ठीक होतं. हिरवा बराच वेळ टिकायचा. मार्च लागला आणि काकांच्या कपाळाला आठी पडली. एसी लावला की तो बॅटरी पिऊन टाकतो आणि मग इंजिन जागं होतं. एसी नाही लावला तर गाडी तापते, गाडीबरोबर बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी काम टाकते. दोन्हीकडून हिरवा जातोच. "हिरवा गेला!" काका असं म्हणत, की घरचं कुणी न सांगता निघून गेलंय.

पण ते हार मानणारे नव्हते. गाडी कडुलिंबाखाली लावायची, निघण्याआधी दहा मिनिटं एसी लावून ती गार करायची आणि काकू बसल्या की एसी बंद. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, तिच्यातून बॅटरी हवा घेते. तिथे मी एकदा पुस्तकांची पिशवी ठेवली.

"मास्तर, पिशवी कामून ठेवायलात तिथं? नाक हाय ते बॅटरीचं! दम कोंडायलाय तिचा."

त्यानंतरच्या शनिवारी पंखा आला.

"काका, निदान काचा तरी खाली करा."

"नक्को. लई गोंगाट येतो."

ऊन नाही, धूळ नाही, गोंगाट. पण मी ऐकतो कुठे? मी घरी जाऊन त्यांच्या चिक्कूपणाची नक्कल केली. बायको हसली नाही. "मग बसने जात जा की," एवढंच म्हणाली.

परवाच्या शनिवारी ऊन नुसतं भाजत होतं. अडिकमेटचा पूल चढेपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला, घशाला कोरड पडली आणि जन्मात पहिल्यांदा माझी बडबड आपोआप थांबली. गाडीत शांतता झाली. त्या शांततेत पुढून काहीतरी ऐकू आलं, सुपात धान्य सरकावं तसं.

"एसी लावा ना. मास्तरला तरास व्हायलाय."

काकू बोलत होत्या. तो आवाज नव्हता, नुसता श्वास होता.

काकांनी मुकाट्याने एसी लावला. वारा घोंघावला, हिरवा गेला, इंजिन सुरू झालं. काकूंचे ओठ अजून हलत होते, पण काही ऐकू येईना. काकांनी गाडी कडेला घेतली आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणलीस? आँ? न्हाई आलं गं ऐकू."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गळ्याचं आपरेशन झालं हिचं. दोन वर्सं झाली. एवढाच आवाज ऱ्हायलाय. घरी कूलर, बाहेर हारन. हितंच, हिरवा असला की, काय ते ऐकू येतं." त्यांनी काकूंचा सुटलेला पदर सारखा केला. "हिला बोलायचं असायचं तवा मी इंजनात. घरी आलो की झोपायचो. आता ऐकायला बसलोय, तर..."



मला लाज वाटली. इतकी, की खाली उतरून लायब्ररीपर्यंत उन्हात चालत जावंसं वाटलं. इंजिनाहून मोठा गोंगाट चार महिने मागच्या सीटवर बसून होता, आणि या माणसाने एकदाही त्याला उतरवलं नव्हतं.

"काका, एसी बंद करा," मी म्हणालो. "आता बरं वाटतंय मला."

हे साफ खोटं होतं. मी पंखा उचलला आणि जाळीपाशी वारा घालायला लागलो. गाडी हळूच पुढे सरकली. दिवा लागला.

"हिरवा!" काका म्हणाले.

सवयीने माझा हात वर गेला, तोंडही उघडलं. मी ते मिटलं. वारा घालणंही थांबवलं.

"हिरवा," काकू म्हणाल्या.