अक्कांच्या बाजूची काच

"पुढच्या गुरुवारपासून मी टॅक्सीने जाईन म्हणते," अक्का पिकअपमधून उतरता उतरता म्हणाल्या आणि नळवाल्यांनी घाईघाईने गाडी बंद केली.

"का हो अक्का? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, तुमच्या काचेचं चुकलं. हा खांदा बघा, पावसाने चिंब झालाय. आणि कानात त्या फटीतली शीळ घुसते ती संध्याकाळपर्यंत निघत नाही. सून म्हणते, आई, गुडघा बरा करायला जाता आणि सर्दी घेऊन येता. त्या खटाऱ्यात परत बसायचं नाही." अक्का फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, "काहीतरी करा भाऊजी. ती एकदा बोलली की बोलली."

अक्का म्हणजे नळवाल्यांच्या बायकोची थोरली बहीण. आणि नळवाले हे काही आडनाव नव्हे. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करत हिंडल्यावर लोक आडनाव विसरले, एवढंच. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा परगावी होता, रविवारी फोन करायचा. जेवलात का, जेवलो, एवढं बोलून झालं की दोघांनाही पुढचं सुचत नसे.

अक्कांचा डावा गुडघा बिघडला आणि डॉक्टरांनी दर गुरुवारी दवाखान्यात येऊन व्यायाम करायला सांगितलं, तेव्हा नळवाले ताबडतोब म्हणाले होते, "मी सोडीन. गुरुवारी माझं त्या बाजूला काम असतंच." काम वगैरे काही नव्हतं. अक्का आत गेल्या की ते बाहेर गाडीतच बसून राहत. पण जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस मिनिटं अक्का बोलत. केस कापा म्हणत, शर्टाचं बटण लावून घ्या म्हणत, धाकटी बहीण लहानपणी कशी हट्टी होती ते सांगत. रागावल्या की त्यांचा आवाज थेट तिच्यासारखा लागायचा. नळवाले कधीकधी मुद्दाम बटण तुटकंच ठेवत. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते या एका दिवसावर काढत होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं तरी कोणाला.

तेव्हा काचेचं रबर बदलणं भाग होतं. गॅरेजवाला म्हणाला, पंधरा दिवसांनी गाडी आणा. पंधरा दिवसांत दोन गुरुवार येतात. नळवाल्यांनी दुकानातून रबराच्या पट्ट्या आणल्या आणि बुधवारी सकाळी गाडी दारासमोर उभी करून अवजारांची पेटी उघडली. ज्याने अख्ख्या वस्तीची गळती थांबवली, त्याला एका काचेची थांबवता येऊ नये?

पेटीचा आवाज ऐकून शेजारचे मास्तर स्टूल घेऊन आले. ते निवृत्त झाले होते, पण शिकवणं सुटलं नव्हतं.

"आधी नीट बघून घ्या, मग खोला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, पाइप खोलताना मी बघत बसत नाही."

"हा पाइप नाही."

नळवाल्यांनी काच खालीवर करायचं हँडल काढलं आणि दाराचं आतलं कव्हर ओढलं. नऊ क्लिपांपैकी पाच कव्हराबरोबर आल्या, चार तुटल्या. जुनं रबर शिळ्या बिस्किटासारखं झालं होतं. हात लावला की तुकडा पडे. शेवटचा तुकडा निघाला, तसा काचेचा आधार सुटला आणि ती खाडकन दाराच्या पोटात गेली. दोघेही वाकून फटीत बघू लागले.

"काच कुठे गेली?" मास्तरांनी विचारलं.

"आत."

"दिसत नाही."

"म्हणून तर आत म्हटलं."

तुंबलेल्या मोरीत घालायची लांब तार आणून ती काच वर घ्यायला त्यांना तास लागला. मग नव्या पट्ट्या बसवल्या, तर काच अर्ध्यावर अडून बसली.

"मखमलीची बाजू काचेकडे हवी," मास्तर म्हणाले. "तुम्ही आतली पट्टी बाहेर लावलीय."

नळवाल्यांच्याही ते लक्षात आलं होतं. पण आता मास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर त्यांनी आणखी पाव तास तीच पट्टी तशीच बसवून पाहिली. मास्तर पाणी प्यायला घरात गेले, तेव्हा त्यांनी गुपचूप बदलली.

चार वाजेपर्यंत काच वरपासून खालपर्यंत लोण्यासारखी सरकू लागली. इथे थांबले असते तर काही झालं नसतं. पण अवजारं गोळा करायला ते खाली वाकले आणि दाराच्या तळाशी त्यांना तीन भोकं दिसली.

"हे बघा. खरी गळती इथे आहे."

"तीनही सारखी आहेत, एका रांगेत," मास्तर चष्मा सावरत म्हणाले. "ती कंपनीनेच ठेवली असणार. काहीतरी विचार असेल त्यामागे."

"भोक ठेवण्यात कसला विचार? चाळीस वर्षं झाली मास्तर, भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच मला येतं."

पाइपाच्या गळतीला लावायचा लगदा मळून त्यांनी तीनही भोकं बुजवली, आणि तो दगडासारखा घट्ट झाल्यावर मास्तरांना अक्कांच्या जागी बसवून बाहेरून नळी सोडली. अर्धा तास पाणी मारलं. मास्तरांनी आत बसून सगळा पेपर वाचून काढला.

"कोरडा," ते उतरताना म्हणाले. त्यांचा जरा हिरमोड झाला होता.

गुरुवारी सकाळी निघताना नळवाल्यांना दिसलं की दाराच्या चौकटीचं रबर एका कोपऱ्यात लोंबतंय. त्यांनी पाइप जोडायच्या सोल्युशनचा डबा काढला. कोपऱ्याला लावलं, आणि ब्रश हातात होताच म्हणून चौकटीभर फिरवलं. पाइपावर ते दोन मिनिटांत सुकतं.

अक्का बसल्या. दार धप्प करून लागलं.

"कसला वास येतोय?"

"नवीन रबराचा."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. अक्का कान देऊन बसल्या होत्या. "शीळ गेली हो," त्या म्हणाल्या, आणि नळवाल्यांना फार बरं वाटलं. पण पुढच्या वळणावर अक्का पुन्हा म्हणाल्या, "भाऊजी, पाणी कुठे वाजतंय?"

"पाणी?"

"इथे. माझ्या कोपराशी."

नळवाल्यांनी पुढचं वळण हळू घेतलं. खळ्ळ. ज्याचा जन्म टाक्या भरण्यात गेला, त्याला आवाजावरून कळतं. दारात दीड बादली तरी पाणी होतं. ते तिथे का होतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दारात उतरतंच आणि खालच्या भोकांतून निघून जातं. भोकांमागे कंपनीचा विचार होता. हे मास्तरांना कधीही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात समोर एक सायकलवाला आडवा आला आणि त्यांनी ब्रेक मारला. दारातलं पाणी उसळलं आणि कव्हराच्या चार क्लिपा जिथे नव्हत्या तिथून अक्कांच्या पायावर आलं.

"खांदा कोरडा आहे ना?" नळवाल्यांनी समोर बघतच विचारलं.

"खांदा कोरडा आहे. खांद्याचं पाणी तुम्ही पायावर आणलंत."

दवाखान्यासमोर गाडी लावून नळवाले दाराखाली आडवे झाले आणि स्क्रूड्रायव्हरने ठोकून ठोकून भोकं मोकळी केली. तीन धारा लागल्या. फाटकावरचा रखवालदार येऊन शांतपणे बघून गेला. चाळीस वर्षांत नळवाल्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने गळती चालू केली होती.

मग ते अक्कांना उतरवायला गेले, तर दार उघडेना. बाहेरून ओढलं, आतून अक्कांनी ढकललं, एक पाय गाडीला लावून पुन्हा ओढलं. उन्हात चाळीस मिनिटं तापून सोल्युशनने आपलं काम चोख केलं होतं. ते वळसा घालून आपल्या बाजूने आत डोकावले.

"अक्का, गिअर ओलांडून इकडून उतरता येईल का?"

"या गुडघ्याने? काहीतरीच काय."

"मग मी आत जाऊन सांगतो. दोन माणसं आणतो, उचलून घेऊ तुम्हाला."

"नको, नको. आत जाऊ नका. आज राहू दे, आपण परत जाऊ."

"असं कसं? तुमचा व्यायाम बुडेल." त्यांनी दार लावलं आणि ते निघाले. आतून अक्का काच वाजवून काहीतरी सांगत होत्या. पण नवं रबर इतकं छान बसलं होतं, की बाहेर अक्षर ऐकू आलं नाही.

नळवाल्यांनी अक्कांच्या गुडघ्याचं सांगताच खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर न उघडता विचारलं, "डाव्या गुडघ्याच्या आजी ना? त्यांचं तर कधीच संपलं. दोन महिने झाले असतील."

"पण त्या दर गुरुवारी येतात."

"येतात की. त्या तिथे बाकावर बसतात. कोणाला काय झालंय, घरी कोण असतं, सगळी चौकशी करतात. बरोबर सव्वा तास झाला की उठतात." बाईंनी मान पुढे काढून त्यांना नीट बघून घेतलं. "तुम्ही बाहेर गाडीत बसणारे का? आम्हाला वाटलं, तुमचं दोघांचं भांडण आहे. त्या आत बसतात, तुम्ही बाहेर."

नळवाल्यांनी वळून बाकाकडे पाहिलं. "गुडघा कसा आहे त्यांचा?"

"माझ्यापेक्षा बरा आहे."

नळवाले त्या बाकापाशी गेले आणि जरा वेळ बसले. बाक लाकडी होता, एक पाय आखूड होता, सारखा डुगडुगत होता. यावर सव्वा तास बसायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. फार गरज असल्याशिवाय कोणी बसणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि ते बाहेर आले.

अक्का ओले पाय अवजारांच्या पेटीवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या.

"काय म्हणाली ती खिडकीवरची?"

"डॉक्टर आज आलेच नाहीत. पुढच्या गुरुवारी बोलावलंय."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तिने असं सांगितलं?"

"हो."

"दुसरं काही नाही म्हणाली?"

"दुसरं काय असणार?"

अक्कांनी पदराने पाय पुसायला घेतले. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "मग यावंच लागेल. हे दुखणं चिवट असतं."

"घाई करून चालत नाही," नळवाले म्हणाले.

"आणि ते बटण लावा. किती दिवस सांगतेय. माणसाने असं बाहेर फिरू नये."

घरासमोर गाडी थांबली, तेव्हा सून पायऱ्या उतरून येत होती. दार अजून चिकटलेलंच होतं. नळवाले उतरले आणि आपल्या बाजूचं दार धरून उभे राहिले. अक्कांनी एकदा गिअरकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. सून खाली बघत चपला घालत होती. नळवाले "सांभाळून" म्हणेपर्यंत अक्का गिअर ओलांडून, स्टिअरिंगखालून सरकून बाहेर येऊन उभ्यासुद्धा होत्या.

सुनेने येऊन अक्कांचा खांदा चाचपला. पायांकडे तिने पाहिलं नाही. "आज कोरड्या आहात की आई. बरं झालं काका, तुम्ही रबर बदललंत. मग मी पुढच्या वेळी टॅक्सी सांगत नाही." आणि ती फाटक उघडायला पुढे गेली.

अक्का तिच्या मागून चार पावलं ताठ चालल्या. मग त्यांना आठवण झाली, आणि मांडीवर हात ठेवून त्या लंगडू लागल्या.

नळवाले खाकरले.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "डावा."

अक्कांनी मागे न बघता पाय बदलला.