फॅमिलीचं मूळ गाव

नवा माणूस भेटला की आपण त्याला मूळ गाव विचारतो. स्टोअरमधले आमचे आप्पा ते शब्दाला विचारतात. "मूळ कुठलं?" म्हणत एखाद्या इंग्रजी शब्दाची मानगूट धरतात आणि फ्रेंच, लॅटिन करत पार ग्रीकपर्यंत फरपटत नेतात. बारावीला इंग्रजीत आपटलेला हा वरवंडचा गडी, पण हातात मोबाइल आला आणि आमचं नशीब फुटलं.

शिरूरहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आप्पांशेजारची सीट सगळ्यात शेवटी भरते. एकदा मी सापडलो. कँटीन म्हणजे मुळात इटलीतलं दारूचं तळघर, हे त्यांनी मला पार गेटापर्यंत समजावलं. आमच्या कँटीनमध्ये ताकसुद्धा पातळ! तिथं आप्पा डबा घेऊन टेकले की टेबल रिकामं होतं. मीही उठायचो, उगाच साळसूदपणा कशाला.

मग एचआरचे नवे साहेब आले. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, आपण सगळे एक फॅमिली आहोत, तेव्हा रविवारी कामावर यायला कुणी कुरकुर करू नये. आप्पा उठून उभे राहिले. आम्ही कपाळावर हात मारला.

"साहेब, फॅमिलीचं मूळ लॅटिन हाय. फामुलुस. म्हंजी घरगडी. तवा तुम्ही बोलला ते बरोबरच हाय."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. आप्पांना मात्र कळेना, आपण साहेबांच्या बाजूनं बोललो तर साहेब लाल का झाले. दुसऱ्या दिवशी आप्पांची रवानगी मागच्या स्क्रॅप यार्डात झाली. एकट्याची ड्यूटी, जेवणही तिथंच. आम्ही शूरवीर साहेबांची नक्कल करून हसत राहिलो, पण आप्पांसाठी बोलायला कुणी गेलं नाही.

परवा कँटीनमधून जेवून निघालो, ते एका कामासाठी यार्डात गेलो. आप्पा पत्र्याच्या सावलीत बसले होते. डबा उघडलेला, पण भाकरीला हात लावलेला नव्हता. का जेवला नाही, विचारलं.

"मालकीण गेल्यापासनं घरी एकट्यानंच खातो," आप्पा म्हणाले. "हितं तरी कुणी येईल म्हणून थांबलो. कँटीनमधी तुम्ही उठून जायचा, पर शेजारच्या टेबलावर तर बसायचा."

मग त्यांनीच विषय बदलला.

"कंपनीचं मूळ ठावं हाय का? तेबी लॅटिन. संगं भाकरी खाणारी माणसं." आणि भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं केली.

पोट गच्च भरलेलं होतं, तरी मांडी घालून बसलो आणि ती अर्धी भाकरी खाल्ली.