बारा दिवसांचा खोकला आणि दोन गुण

डॉक्टरांनी केलेला हिशेब असा होता. परवाना नवा करून घ्यायचा तर पाच वर्षांत तीस गुण लागतात. वैद्यकातलं नवं संशोधन काय म्हणतं ते ऐकायचं, शेवटी छोटी परीक्षा द्यायची, गुण पदरात पाडून घ्यायचे. अठ्ठावीस जमले होते. दोन कमी. मुदत सोमवारी संपत होती, आणि शनिवारी सकाळी कॉम्प्युटरवर दोन तासांचं व्याख्यान होतं, नेमक्या दोन गुणांचं! दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दीही शनिवारी सकाळीच. पण व्याख्यानापुढं कंपाउंडरला बसवलं की गुणही मिळणार, पेशंटही बुडणार नाहीत. एका बुडाखाली दोन खुर्च्या ठेवून दोन्हींवर ऐसपैस बसणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता!

अडचण एकच होती. व्याख्यान ऐकणारा जागा आहे की नाही हे बघायला पडद्यावर दर दहा मिनिटांनी ‘मी हजर आहे’ असं हिरवं बटण उगवायचं. ते दाबलं नाही तर गुण गेले.

“काका, एवढं बटण दाबायचं,” डॉक्टरांनी कंपाउंडरला बजावलं. “बाकी काही करायचं नाही.”

“आणि त्यांनी काही विचारलं तर?”

“मला विचारा. नेहमीसारखं.”

हे ‘नेहमीसारखं’ म्हणाले तिथंच घात झाला. कंपाउंडरकाकांच्या खोलीत आणि डॉक्टरांच्या खोलीत एक हातभर खिडकी होती. जुना पेशंट किरकोळ दुखणं घेऊन आला की काका खिडकीतून वय आणि तक्रार ओरडायचे, डॉक्टर आतून औषध ओरडायचे, काका पुडी बांधायचे. बावीस वर्षं हाच शिरस्ता. खिडकीतून गेलेली तक्रार आणि तिकडून आलेलं औषध, यापलीकडे काकांनी कधी डोकं चालवलं नव्हतं.

व्याख्यान सुरू झालं. पडद्यावर छातीचे एक मोठे डॉक्टर अवतरले. पाऊण तास बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “समजा, सहासष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. बारा दिवस खोकला. ताप नाही, धाप नाही. काय द्याल?”

काकांनी खिडकीत तोंड घातलं. “डॉक्टर! सहासष्ट वय, बारा दिवस खोकला, ताप नाही!”

डॉक्टर एका किंचाळणाऱ्या पोराच्या घशात बॅटरी मारत होते. “नेहमीच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, पाच दिवस! आणि लाल बाटली!”

काकांनी पुडी बांधली आणि बाहेर हाक मारली, “सहासष्ट वय, बारा दिवसांचा खोकला! कोण आहे?”

आता योगायोगाला काय म्हणावं! बाकावरून निवृत्त हेडमास्तर उठले. वय सहासष्ट. खोकला बारा दिवसांचा. नंबर अकरावा असताना पहिल्या तासाला आपलाच पुकारा झाला म्हणून छाती काढून आले, पुडी घेतली, खिशात ठेवली.

तेवढ्यात पडद्यावरचे मोठे डॉक्टर म्हणाले, “चूक! या पेशंटला औषधाचा काही उपयोग नाही. छातीचा फोटो समोर आहे, बघा. गोळ्या देऊ नका. घरच्यांना बसवून नीट समजावून सांगा.”

काका तीरासारखे बाहेर धावले. “सर, पुडी परत द्या!”

“का हो?”

“मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आता औषधाचा उपयोग नाही.”

हेडमास्तरांचा खोकला जागच्या जागी थांबला. “मोठे डॉक्टर? त्यांनी मला बघितलं कधी?”

“तुम्हाला नाही. तुमच्या छातीचा फोटो बघितला.”

“मग... पुढं काय?”

“घरच्यांना बोलवा. त्यांना समजावून सांगायचंय.”

एवढं सांगून, पुडी काढून घेऊन काका बटण दाबायला आत पळाले. कामात चोख माणूस!

अर्ध्या तासात दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. हेडमास्तरांचा मुलगा आला, सून आली, सात वर्षं अबोला धरलेला मेहुणा आला आणि गळ्यात पडून म्हणाला, “भावजी, त्या बांधावरून मी उगाच भांडलो!” हेडमास्तर मात्र शांतपणे मुलाला कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते सांगत होते. बाकीचे पेशंट आपापली दुखणी विसरून डोळे पुसत होते.

हुंदके ऐकून डॉक्टर बाहेर आले. “काय झालं? कोण गेलं?”

“अजून नाही गेले,” सून म्हणाली.

“कोण?”

“हे काय, बाबा! तुम्हीच सांगितलंत ना?”

“मी? मी सरांना आज तपासलंसुद्धा नाही!”

“न तपासताच सांगितलंत?” मुलगा कडाडला. “फोटो दाखवा!”

“कसला फोटो?”

“माझ्या छातीचा,” हेडमास्तर म्हणाले. “आता लपवू नका, डॉक्टर. मी तयारी केली आहे.”

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “तुम्ही गोळ्या द्या म्हणालात, मोठे डॉक्टर नको म्हणाले. मी मोठ्यांचं ऐकलं. चुकलं का?”

सगळा गुंता डॉक्टरांच्या डोक्यात सुटायला दोन मिनिटं लागली, आणि तो लोकांना सोडवून सांगायला दहा. तरी मेहुण्याला तो गृहस्थ नक्की कोण हे कळलंच नाही. “म्हणजे मरणारा सहासष्टवाला दुसराच आहे?” असं तो विचारत राहिला. डॉक्टरांनी हेडमास्तरांची छाती पुढून मागून तपासली. छाती अगदी स्वच्छ!

आणि आतून घंटी वाजली. “परीक्षा आली, डॉक्टर!” काका ओरडले. “पाच प्रश्न, दहा मिनिटं! तीन बरोबर आले पाहिजेत!”

‘परीक्षा’ हा शब्द कानावर पडताच हेडमास्तर मरणाच्या दारातून ताडकन परतले. “कोणाची परीक्षा?”

“माझी,” डॉक्टर पुटपुटले. “काका, तुम्ही ऐकलंय सगळं, जरा या इकडे—”

“खबरदार!” हेडमास्तर गरजले. “कॉपी? माझ्यादेखत? काका, तुम्ही बाकावर! डॉक्टर, बसा. मान खाली!”

डॉक्टर बसले. चौतीस वर्षं वर्ग गाजवलेला माणूस हात मागं बांधून खुर्चीमागं उभा राहिला. त्याच्यामागं मुलगा, सून, मेहुणा आणि दारात सगळे पेशंट. पहिले दोन प्रश्न जुन्या ज्ञानावर सुटले. पुढचे दोन साफ चुकले. बाकावर काका ओठ चावत होते. त्यांना चारही येत होते!

पाचवा प्रश्न उगवला. सहासष्ट वर्षं, बारा दिवस खोकला, ताप नाही, धाप नाही, छाती स्वच्छ. काय द्याल? अ, अँटिबायोटिक. ब, काही नाही, धीर.

बरोबर उत्तर शेंबड्या पोरालाही कळलं होतं. पण गेली नऊ वर्षं हेडमास्तरांच्या प्रत्येक खोकल्याला डॉक्टरांनी ‘अ’च दिलं होतं! ‘ब’ दाबावं तर नऊ वर्षांच्या पुड्या डोक्यावर फुटणार. ‘अ’ दाबावं तर सोमवारी परवाना जाणार.

“वेळ संपत आली,” हेडमास्तर म्हणाले. “मनापासून जे वाटतं ते लिहा.”

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि ‘ब’ दाबलं.

“उत्तीर्ण! दोन गुण!” पडदा म्हणाला.

मग हेडमास्तरांनी घसा खाकरला. “डॉक्टर, मागच्या वर्षी काय दिलं होतंत?”

“...अ.”

“त्याच्या आदल्या वर्षी?”

“अ, सर.”

“हं. उशिरा का होईना, अभ्यास केलात.”

तर त्या दिवसाची बेरीज अशी. डॉक्टरांना गुण मिळाले दोन. बाहेर खोकल्याचे आणखी सहा पेशंट होते. “काही नाही, धीर” हे उत्तर त्यांनी दारातूनच वाचलं, ‘धीर काय घरीही मिळतो’ म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. खोकल्याची फी त्या सकाळी एकाच माणसानं दिली. हेडमास्तरांनी मोजून नोट टेबलावर ठेवली. डॉक्टर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. “सर, तुमच्याकडून आज कशी घेऊ? खरं तर मीच तुम्हाला नऊ वर्षांचे...”

“घ्या हो,” हेडमास्तर म्हणाले. “छाती तपासलीत आणि औषध दिलं नाहीत, असं आज पहिल्यांदाच झालं.”